खाजन शेतकरी खारेपणाला कसे तोंड देतात : प्रश्नावली आणि माती तपासणी कशी आखावी?

तिसवाडी_प्रबंध
एमएस्सीच्या प्रबंधासाठी गोव्यातल्या दिवाडी, चोडण आणि नेवरा-आजोशी इथले 60 खाजन शेतकरी (खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन) घ्यायचा विचार आहे. ‘खारेपणाचा धोका किती वाटतो, 1 ते 5’ असे प्रश्न ठेवले आहेत आणि प्रत्येकाच्या शेतातली माती एकदा तपासून ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचे माप) काढायचा आहे. चाचणी मुलाखतींत जवळजवळ सगळ्यांनी 5 सांगितले. उपाय विचारला की ‘आमी कितें करतले?’ (आम्ही काय करणार?) एवढेच उत्तर. यावर विश्लेषण उभे राहत नाही. चूक कुठे आहे? माती केव्हा आणि किती खोलीवरून घ्यावी?

बांधाकाठ
‘आमी कितें करतले’ हे उत्तर टाळाटाळीचे नाही, खरे आहे. खारे पाणी कुणा एकाच्या मेरेवर (शेताच्या छोट्या बांधावर) अडत नाही. ते अडते नदीकाठच्या बांधावर आणि मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर), आणि ती दोन्ही सामाईक. बांधात खेकड्यांनी बिळे केली, वरून बार्जच्या लाटा आपटल्या की उधाणाला भगदाड पडते आणि आतली सगळी शेते एकदम बुडतात. म्हणून आधी खाजने निवडा, शेतकरी नंतर.

प्रत्येक खाजनात मानशीजवळची, पोंयीच्या (खाजनातल्या पाण्याच्या खोलगट भागाच्या) कडेची, मधली आणि चढाकडची अशी शेते घ्या. कूळ संघाच्या (कसणाऱ्या कुळांच्या संघटनेच्या) पदाधिकाऱ्यांशी आणि मानशीची पावणी (तिथल्या मासेमारीचा लिलाव) घेणाऱ्याशी वेगळे बोला. भरतीबरोबर मासळी आत येते, म्हणून पावणीवाल्याला पाणी आत हवे असते, शेतकऱ्याला नको असते. दार कोण उघडतो, कोणत्या महिन्यापर्यंत आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे विचारा.

आणखी एक, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: आज कसणाऱ्यांचीच यादी केली तर ज्यांनी खारेपणामुळे शेत सोडले ते यादीत येतच नाहीत. शेत पडीक टाकणे हाही प्रतिसादच. नावे फॉर्म 1 व 14 (गोव्यातला जमिनीचा उतारा) वरून काढा आणि पडीक शेतांचा वाटा मुद्दाम ठेवा.

ईसी_मीटर
मातीचे सांगतो. एकदाच तपासाल तर फसाल. एप्रिल-मेमध्ये पांढरी खार वर आलेली असते, जुलैअखेर पावसाने ती धुऊन गेलेली असते. त्याच शेताचे दोन आकडे वेगळ्याच जमिनींचे वाटतील. मेच्या मध्यावर एकदा आणि रोप लहान असताना एकदा, असे दोन नमुने घ्या. भाताला खार सर्वांत जास्त बाधते ती रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात.

प्रत्येक शेतात पाच ठिकाणी 0–15 आणि 15–30 सेंमी खोलीची माती काढा. खोलीनुसार वेगवेगळी मिसळून प्रत्येकी अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवून 2 मिमी चाळणीने चाळा. 20 ग्रॅम मातीत 50 मिली ऊर्ध्वपातित पाणी घाला, अर्धा तास ढवळा, गाळ बसला की ईसी वाचा. मीटर आधी 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराइडने जुळवा. 25 अंशांना 1.413 डेसिसायमन प्रति मीटर दिसायला हवे.

इथे बरेच विद्यार्थी घसरतात: खारी जमीन ठरवायची पुस्तकातली 4 डेसिसायमन प्रति मीटरची मर्यादा संतृप्त अर्काची (माती पाण्याने जेमतेम भिजवून काढलेल्या पाण्याची) आहे. तुमचा 1:2.5 चा (20 ग्रॅमला 50 मिली) आकडा त्याच मातीत बराच कमी येतो, तो थेट लावलात तर खारी जमीन गोडी ठरेल. दहा-बारा नमुन्यांचे दोन्ही आकडे प्रयोगशाळेतून काढून घ्या आणि स्वतःचे गुणोत्तर बसवा. भाताची सहनशीलता साधारण 3 पर्यंत, पुढे प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे 12 टक्के घटते, तेही संतृप्त अर्कावरच.

सामू (पीएच) ओल्या मातीत लगेच मोजा आणि वाळवल्यावर पुन्हा. फरक मोठा असेल तर चिखलातले पायराइट (लोह-गंधकाचे खनिज) हवेने आम्ल बनतेय. अशा शेतात पीक जळाले तर दोष एकट्या मिठाचा नव्हे.

सरद_वायंगण
1 ते 5 काढून टाका. केलेले काम विचारा: गेल्या पाच सरद (पावसाळी) हंगामांत भाताचे कोणते बी पेरले, कोरगुट, ज्योती की गोवा धान? ते का बदलले? पेरणी किती दिवस लांबवली? बांधाला चिखल घालायला कोण गेले, मजुरी कोणी दिली? महिना आठवत नसेल तर ‘चतुर्थीच्या आधी की मागीर (नंतर)?’ असे विचारा. ‘जोखीम’ हा शब्द नको. ‘खारें उदक केन्ना भितर सरलें?’ (खारे पाणी केव्हा आत शिरले?) म्हटले की माणूस बोलायला लागतो.

तिसवाडी_प्रबंध
मनःपूर्वक आभार. मग 4 खाजने, प्रत्येकी 15 शेते ठेवली तर चालेल?

बांधाकाठ
चालेल, पण एकाच बांधाआडच्या 15 जणांना 15 स्वतंत्र पुरावे मानू नका. खाजनांची तुलना वर्णनात्मक ठेवा, आकडेमोड खाजनाच्या आतल्या फरकांवर करा. मानस पाहायला उधाणाच्या दिवशी, पूर्ण भरतीला जा. दार मिटलेले दिसते, पण खाली फांदी अडकून दोन बोटांची फट राहिली की आतल्या बाजूने पाणी उसळताना दिसते. त्या फटीची नोंद त्याच तारखेने घ्या.