मदत हवी आहे: आजीला घेऊन दिवेआगर की वाई?

नमस्कार मंडळी. भाऊबीजेला सगळे आमच्याकडे कोथरूडला जमणार आहेत. तिथूनच दोन रात्रींसाठी चार पिढ्यांनी मिळून कुठेतरी जावं असं ठरतंय. आजी ८६ वर्षांची आहे. घरात वॉकर घेऊन फिरते, पण जिना अजिबात चढवत नाही. बहिणीचं बाळ दीड वर्षाचं. मधली मंडळी कशीही राहतील.

आई-बाबांचं मत वाई. पुण्याहून साधारण ९० किलोमीटर, महागणपतीचं दर्शन आणि मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. पण नदीकाठच्या घाटाला पायऱ्याच पायऱ्या, आजी वरच बसून राहणार. तिला समुद्र बघायचाय. "एकदा पाय भिजवायचेत गं," एवढंच म्हणाली, आणि माझं मन तिथेच अडकलंय. म्हणून मला दिवेआगर हवंय. अडचण ताम्हिणी घाटाची, वळणांनी तिला मळमळतं. आणि वाळूत वॉकर रुततो, तो प्रश्न वेगळाच.

तुमच्यापैकी कुणी इतक्या वयाच्या माणसाला कोकणात नेलंय का? घाटात कुठे थांबलात? पाण्यापर्यंत कसं नेलंत? तळमजल्यावर खोली, कमोड आणि कमी तिखट घरगुती जेवण मिळेल असं ठिकाण माहीत असेल तर कृपया सांगा. टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, त्यामुळे आजीसाठी वेगळी कार करावी का, हेही सुचवा. दिवाळीत खोल्या लवकर भरतात, या आठवड्यातच बुकिंग करायचंय.