कर्जाला विमा 'सक्तीचा' की खात्यागणिक?

शाखेतला_लातूरकर
आमच्या नागरी बँकेत नवं सॉफ्टवेअर आलंय. प्रॉडक्ट मास्टरमध्ये (प्रत्येक कर्जप्रकाराचे नियम भरायची यादी) प्रत्येक कर्जाला विम्याचा प्रकार जोडायचा: पीक, जनावर, वाहन, जीवन. पुढे 'सक्तीचा' की 'ऐच्छिक'. हेड ऑफिसनं सरसकट 'सक्तीचा' केलंय. परवा एका कर्जदाराचे पंतप्रधान जीवनज्योती जीवन विमा योजनेचे ४३६ रुपये कटले. वय ५८! नाव घालायची मर्यादा १८ ते ५०. उद्या काही झालं तर दावा कोण मंजूर करणार? तारणाचा विमा प्रॉडक्टला बांधा, माणसाचा विमा खात्यावर, सही घेऊनच.

निवृत्त_शाखाधिकारी_बीड
साफ नामंजूर. वयाची अट टाकली नाही ही चूक, सक्तीची नव्हे. अट टाका, सक्ती राहू द्या. ऐच्छिक ठेवलं की खरिपाच्या गर्दीत कुणी विचारतच नाही. माझ्या शेवटच्या शाखेत एक बाई नवऱ्याचं पासबुक घेऊन आली होती. नवरा गेलेला, विमा नाही, कर्ज पूर्ण बाकी. पासबुक टेबलावर ठेवून तासभर नुसती बसली. तिला काय सांगायचं होतं मी?
पीक विमाही खरीप २०२० पासून ऐच्छिक आहे, पण नको असेल तर कर्जदारानं नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या ७ दिवस आधी लेखी द्यायचं. नाहीतर हप्ता कटतोच. तिथंही 'हो' धरूनच चालतात.

सोयाबीनवाला_औसा
सर, ते ७ दिवस आधी लिहून द्यायचं असतं हे आम्हाला सांगतं कोण? माझ्या म्हशीच्या कर्जात हप्ता कर्जखात्यालाच नावे टाकला, म्हणजे त्यावरही व्याज आलं. म्हैस मेली तेव्हा कानात विम्याच्या ओळखीचा बिल्ला नव्हता, कधी पडला कळलंच नाही. दावा गेला. बँकेच्या नोंदीत पॉलिसी नंबर होता, बिल्ल्याचा नव्हता.

अंमलबजावणी_संभाजीनगर
दादा, जनावर विम्याला बिल्ला नंबरचा रकाना हवाच.
सर, सक्ती लावली की पॉलिसी नंबरशिवाय स्क्रीन पुढे जात नाही. मग क्लार्क तिथं ०००० टाकतो. असे रकाने मी रोज साफ करते. नोंदीत विमा आहे, प्रत्यक्षात नाही. तुमच्या त्या बाईला त्याचा काय उपयोग?
पीक विम्याचा दरही पक्का बांधू नका. खरीप २ टक्के, रब्बी दीड, नगदी पिकं ५. पण २०२३ च्या खरिपात आपल्याकडे शेतकऱ्याचा वाटा १ रुपया झाला आणि २०२५ ला परत जुन्यावर आला. दराला 'लागू दिनांक' ठेवा. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जाच्या मुख्य तथ्य पत्रकात (कर्जाचा सगळा खर्च दाखवणारा, कर्जदाराला द्यायचा कागद) बँकेनं वसूल केलेला विमा हप्ता कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चाच्या टक्केवारीत धरावा लागतो. न विचारता कापलेला हप्ता तिथं उघडा पडेल.

निवृत्त_शाखाधिकारी_बीड
०००० मीही पाहिलेत, ताई. मग नंबर विमा कंपनीकडून थेट येऊ द्या. सक्ती काढायला मात्र मी तयार नाही.

शाखेतला_लातूरकर
सर, 'हो' धरून चालूया, पण नकाराचा रकाना आणि सही हवी. सोमवारी हेड ऑफिसला एवढंच लिहितोय. आणि त्या ५८ वर्षांच्या काकांचे ४३६ रुपये आधी परत.