अनुभव धागा : ऑस्ट्रेलियात गाडीचं लायसन्स काढताना

सोनचाफा (सिडनी)

काल वेस्टमीडच्या राउंडअबाउटपाशी पुढे एक पिवळी एल (शिकाऊची पाटी) लावलेली गाडी थांबली होती. चालवणारी मुलगी आपलीच, गळ्यात मंगळसूत्र, शेजारी नवरा हातवारे करून "जा, जा आता" म्हणतोय आणि ती काही हलत नाहीये. तिचंच बरोबर होतं, राउंडअबाउटमध्ये गाडी होती आणि आत असलेल्याला जाऊ द्यायचं हाच इथला नियम. मागे आम्ही चार-पाच गाड्या, कोणी हॉर्न दिला नाही. तेव्हापासून माझं २००९ डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

नाशिकहून आले तेव्हा लेक दहा महिन्यांची. गाडी एकच, ती नवरा कामावर न्यायचा. बस तासाला एक आणि रविवारी तर विचारूच नका. दूध संपलं की प्रॅम ढकलत उन्हातून वूलवर्थ्स, येताना प्रॅमच्या खालच्या जाळीत दूध, कांदे, डायपर. कामासाठी अर्ज करायचा तर एज्ड केअरच्या (वृद्धांच्या देखभालीच्या) प्रत्येक जाहिरातीत शेवटची ओळ तीच, स्वतःची गाडी आणि लायसन्स हवं. गावी मी स्कूटी बिनधास्त चालवायचे, इथे मात्र प्रत्येक गोष्टीला "अहो, नेता का जरा?" हे मला फार लागायचं.

डीकेटी म्हणजे लेखी, ४५ प्रश्न. जनरलचे १५, त्यात १२ बरोबर लागतात आणि रोड सेफ्टीचे ३०, त्यात २९! म्हणजे तिथे एकच चूक माफ. लेक झोपली की हँडबुक घेऊन बसायचे. सायकलवाल्यापासून किती अंतर (६० पर्यंतच्या रस्त्याला एक मीटर, त्यापुढे दीड) हा नियम नंतर २०१६ मध्ये आला, पण तोही आज झोपेत सांगेन.

गाडी शिकवायला एक लेबनीज बाई मिळाल्या. त्यांची पद्धत अशी की जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं. "डावीकडे सायकल, पुढे बसने इंडिकेटर दिलाय, झेब्रावर आजोबा, आरसा बघितला, मान वळवली." पहिल्यांदा लाज वाटली, इंग्रजीत सुचायचं पण नाही, तर म्हणाल्या तुझ्या भाषेत बोल, मला तुझे डोळे कुठे जातात ते कळतं. मग मी आख्खा ब्लॅकटाउन रोड मराठीत वर्णन करत चालवायचे. गाडी चालवायला मला त्या बाईंनी शिकवलं, आणि इथे राहायलाही.

आता नियम कडक झालेत. पीआरवाल्यांना (कायमच्या व्हिसावाल्यांना) इकडे तीन महिने आहेतच, पण १ जुलै २०२३ पासून टेम्पररी व्हिसावाल्यांनाही न्यू साउथ वेल्समध्ये सहा महिन्यांच्या आत इथलं लायसन्स लागतं. आपलं भारतातलं थेट बदलून मिळत नाही, लेखी आणि गाडीची टेस्ट दोन्ही द्यावी लागते. तर नव्याने येणाऱ्यांसाठी सगळ्यांनी लिहा, विशेषतः बायांनी, कारण आपणच "बघू पुढच्या वर्षी" म्हणत राहतो.

कोरांटी

वाचतेय. पोळ्या होऊ देत मग लिहिते, मोठं आहे.

मेल्बर्नकर_आबा

छान धागा. सिडनीकरांनो तुमचं ठीक आहे, आमच्याकडे या, हुक टर्न दाखवतो :) सिटीत उजवीकडे वळायचंय ना, मग डावीकडच्या लेनमध्ये जायचं, सिग्नल हिरवा असताना चौकात शिरून डाव्या बाजूलाच थांबायचं आणि ज्या रस्त्यावर जायचंय त्याचा सिग्नल हिरवा झाला की मगच उजवीकडे वळायचं. मधून ट्राम जाते म्हणून ही सोय. पहिल्यांदा केला तेव्हा शेजारी साताऱ्याचा मित्र, तो ओरडतोय "अरे उजवीकडं म्हणलो की मी, डावीकडं कुठं चाललास" आणि मागून ट्रामची घंटा. टेस्टमध्ये मला आला नव्हता पण सिटीत नोकरी असेल तर आधी चालत जाऊन चौकात दहा मिनिटं उभं राहून बघा लोक कसे वळतात, पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

आणि ट्राम थांबून दारं उघडली की आपणही मागे थांबायचं, माणसं रस्त्यातच उतरतात. हे फार महत्त्वाचं आहे.

भरतकाम

सोनचाफा, प्रॅमच्या खालच्या जाळीत कांदे हे वाचून डोळ्यात पाणी आलं गं. सेम.

आमच्याकडची गोष्ट. नवऱ्याची मुंबई-पुणे वीस वर्षं ड्रायव्हिंग, घाटात रात्रीअपरात्री, एकदा ओरखडा नाही. टेस्टला आम्ही आमचीच गाडी घेऊन गेलो. स्टॉपच्या पाटीला गाडी पूर्ण थांबलीच नाही, अगदी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली, तिथेच फेल. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत आणि रेघेच्या आत, रस्ता रिकामा असला तरी. इथवर ठीक, पण त्यानंतर कळलं की न्यू साउथ वेल्समध्ये टेस्ट फेल झालात की भारताच्या लायसन्सवर गाडी चालवायची परवानगी तिथल्या तिथे जाते!! मग लर्नर काढायचं आणि शेजारी फुल लायसन्सवाला बसवायचा. म्हणजे टेस्टला स्वतः चालवत आलेला माणूस परत जाताना चालवू शकत नाही, आणि मला तेव्हा गाडी येत नव्हती. मित्राला ऑफिसातून बोलावलं, तो बिचारा ट्रेनने आला आणि आम्हाला घरी सोडून परत गेला. दुसऱ्या दिवशी मी हँडबुक उघडलं. आज आमच्या घरात लांबच्या प्रवासाला मीच चालवते.

टेस्टला जाताना लायसन्सवाला माणूस बरोबर न्या, किंवा इन्स्ट्रक्टरच्या गाडीतून द्या. हे कोणी सांगत नाही.

गुळपोळी

बाप रे हे माहीतच नव्हतं. नवऱ्याची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, आत्ताच वाचायला दिलं.

वऱ्हाडी_मन

आम्ही वागा वागाला, न्यू साउथ वेल्समध्येच पण सिडनीपासून लांब. इथं ट्रॅफिक नाही बाप्पा, पण कांगारू आहेत. मी नर्स आहे, नाइट संपवून पहाटे निघायची, तीच त्यांची वेळ, पहाट नाहीतर संध्याकाळ. इन्स्ट्रक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, आडवा आला तर स्टेअरिंग फिरवू नको, ब्रेक दाब आणि सरळ राहा, वाचवायला गेलीस तर झाडावर जाशील. मला हे समजायला वेळ नाही लागला, आमच्या यवतमाळ रोडवर रात्री रोही (नीलगाय) असेच येतात, बाबा जीपमध्ये हेच सांगायचे. एक दिसला की मागं दुसरा असतोच हे पण सेम.

आणि इथं लायसन्स नसेल तर माणूस घरात कोंडला समजा. बस नाही, उबर रात्री मिळत नाही. हॉस्पिटलमधल्या एका फिलिपिनो सिस्टरने तिच्या सुटीच्या दिवशी मला शोग्राउंडच्या मागच्या रस्त्यावर पार्किंग शिकवलं, पैसे घेतले नाहीत, म्हणाली मलाही कोणीतरी असंच शिकवलं. आता मी केरळच्या दोघींना शिकवतेय.

तिखटमीठ

वऱ्हाडी_मन तुमच्याकडे मोमोज मिळतात का हो, आम्ही जूनमध्ये येतोय त्या बाजूला

वऱ्हाडी_मन

मोमोजचं काय घेऊन बसलात, घरी या, पाटवडी करते. उजेड असताना पोचा मात्र.

कोरांटी

आले. पोळ्या झाल्या, भाजी राहिलीये पण असो.

मला सगळ्यात अवघड गेलं ते मान वळवणं. आपण आरशात बघतो आणि झालं. इथे लेन बदलताना, कडेने निघताना, प्रत्येक वेळी खांद्यावरून मागे बघायचं, आणि नुसती मान हलवून चालत नाही, परीक्षकाला दिसलं पाहिजे की बघितलं. दुसरं म्हणजे वळताना पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सिग्नल आपल्याला हिरवा, तरी तो ओलांडत असेल तर आपण थांबायचं. आपल्याकडे माणूस गाडीला घाबरतो, इथे गाडीने माणसासाठी थांबायचं असतं. मला हे इतकं आवडलं की पुण्याला गेले की रस्ता ओलांडताना आता जास्तच भीती वाटते.

स्कूल झोन पण लक्षात ठेवा, न्यू साउथ वेल्समध्ये सकाळी ८ ते ९.३० आणि दुपारी २.३० ते ४, चाळीसच्या वर नाही. टेस्टचा स्लॉट त्या वेळेत आला तर घाबरू नका, उलट सगळं हळू असतं.

शकू_आज्जी

कोरांटी, आमच्या ॲडलेडला शाळेपाशी मुलं असली की २५ बरं का. मी पुण्यात लूना चालवली सगळी वर्षं, लक्ष्मी रोडला भर दिवाळीत सुद्धा. चारचाकीला हात लावला तो इथे आल्यावर, साठी झाल्यावर. मुलगा म्हणाला आई कशाला, मी आहे ना. सून म्हणाली का नाही, शिकू देत. क्लास लावून दिला तिनेच, आणि दर रविवारी सकाळी मोकळ्या कारपार्कमध्ये मला घेऊन जायची, धाकटा मागच्या सीटवर झोपलेला. गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाही काही नाही, लूनासारखीच की हो. आता नातवंडांना शाळेतून मी आणते आणि शुक्रवारी देवळात माझी मी जाते, दोन मैत्रिणींना वाटेत घेते. सुनेबद्दल लोक काय काय बोलतात, माझ्या सुनेने मला पाय दिले.

सोनचाफा (सिडनी)

आज्जी, तुम्हाला आणि तुमच्या सुनेला साष्टांग _/\_

गुळपोळी

आज्जी लव यू. आईला वाचून दाखवते.

पिंपळपान

माझा अनुभव लेकीचा आहे. इथे वाढलेल्या मुलांना २५ च्या आत असतील तर (सिडनीबद्दल बोलतोय) १२० तासांचं लॉगबुक भरायला लागतं, त्यात २० तास रात्रीचे. आपल्यासारखं आरटीओत जाऊन आलो असं नाही. प्रत्येक फेरी लिहायची, तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, किलोमीटरचा आकडा, पाऊस होता का, गर्दी होती का, खाली आपली सही. इन्स्ट्रक्टरबरोबरचा एक तास तीन तास धरतात, पण ते दहाच तासांपर्यंत, बाकी सगळं आईबापाने बसायचं.

सोळा वर्षांची पोरगी, दार बंद करून खोलीत बसणारी, "हो", "नाही", "माहीत नाही" यापलीकडे बोलणं नाही. गाडीत मात्र बोलायला लागली. समोर बघत असल्यामुळे असेल, माझ्या तोंडाकडे बघावं लागत नाही. रात्रीचे तास भरायला आम्ही जेवण झालं की पेनरिथपर्यंत जाऊन यायचो. शाळेत कोण काय बोललं, तिला आर्किटेक्ट व्हायचं नाहीये, तिची आजी गेली तेव्हा आपण वेळेत पोचलो नाही याचा तिला अजून राग आहे, हे सगळं मला एम४ वर कळलं. मी डावीकडे बसून एक हात दाराच्या कडीला धरून ऐकायचो. तास पुरे झाले तरी आम्ही जात राहिलो. आता लाल पी (नवशिक्याचं प्रोव्हिजनल लायसन्स) आहे तिला, ९० च्या वर जायचं नाही, फोनला हात नाही, दारूचा एक थेंब नाही, आणि ती हे सगळं पाळते.

ज्यांची मुलं सोळाची होतायत त्यांनी हे तास इन्स्ट्रक्टरवर सोडू नका, हात जोडून सांगतो.

मेल्बर्नकर_आबा

पिंपळपान, वाचून गप्प बसलो दोन मिनिटं. माझा मुलगा पुढच्या वर्षी सोळाचा. आमच्याकडे पण १२० च आहेत, २१ च्या आतल्यांना.

भरतकाम

पिंपळपान दादा _/\_ ती आजीची गोष्ट... परदेशात सगळ्यांच्याच घरात आहे ती.

अक्षता_पर्थ

इथे टेस्टच्या स्लॉटसाठी आधीच डोळे लावून बसावं लागतं. मी पहाटे उठून बघायचे, कोणी रद्द केला की तो मिळायचा, कधी कधी दोन तास लांबच्या गावचा. तो पण घेतला आणि बरं झालं, रस्ते शांत. नवीन येणाऱ्यांनी आल्या आल्या लेखी उरकून लगेच स्लॉटच्या मागे लागा, गाडी घ्यायची नंतर बघा.

निशिगंध

नमस्कार, नवीन आहे इथे. आम्ही मेलबर्नच्या टार्नेटला राहतो, ४८२ व्हिसा (नोकरीचा टेम्पररी). माझं लायसन्स २०११ चं आहे पण मध्ये रिन्यू केलं तेव्हा जुनं कार्ड जमा झालं, ही तारीख दाखवावी लागते का? कोणीतरी म्हणालं टेम्पररी व्हिसा असेल तर भारताचं चालतं कितीही वर्षं.

मेल्बर्नकर_आबा

निशिगंध, ते जुनं झालं. व्हिक्टोरियात पण २९ ऑक्टोबर २०२३ पासून टेम्पररीवाल्यांना सहाच महिने. तारखेचं म्हणाल तर आधी कार्ड नीट बघा, पहिल्यांदा दिल्याची तारीख बहुतेक त्यावर असते. नसेल तर सारथी पोर्टलवरून डीएल एक्स्ट्रॅक्ट (लायसन्सचा उतारा) मागवा तुमच्या आरटीओचा, घरचं कोणी तिकडे असेल तर त्याला पाठवा. अनुभव किती वर्षांचा आहे त्यावर फुल मिळणार की पी लावायला लागणार हे ठरतं, म्हणून त्या कागदासाठी कंटाळा करू नका. लेखीनंतर हॅझर्डची टेस्ट आहे, व्हिडिओ दाखवतात आणि कधी ब्रेक मारायचा, कधी वळायचं ते क्लिक करायचं, ती सरावाने येते.

गुळपोळी

आणि मेलबर्नमध्ये शिकलेल्यांनी सिडनीला आलात तर सिग्नलवर यू टर्न मारू नका हं, तिकडे मनाईची पाटी नसेल तर चालतो, इकडे परवानगीची पाटी असेल तरच. आम्ही मेलबर्नहून इकडे आलो तेव्हा शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणून वाचलो. एकाच देशात दोन नियम!

तिखटमीठ

हॉर्नचं कोणी लिहिलं नाही. निघताना टाटा करायला पीं पीं केलं तरी दंड होऊ शकतो इथे, खिडकीतून हात काढून हलवला तरी. आमचे बाबा आले होते तेव्हा प्रत्येक वळणावर "वाजव की" म्हणायचे :D

निशिगंध

आबा, खूप धन्यवाद. भाऊ यवतमाळलाच आहे, त्याला आत्ता मेसेज केला. टार्नेट-पॉइंट कुक भागात कोणी बाई इन्स्ट्रक्टर माहीत आहेत का? हिंदी किंवा इंग्रजी कुठलंही चालेल. मुलगा लहान आहे, त्याला घेऊन क्लासला बसता येईल का हेही विचारायचंय.

वऱ्हाडी_मन

निशिगंध, यवतमाळची आहेस का गं!! कुठली, आर्णी रोडची का?

कोरांटी

निशिगंध, माझी बहीण ट्रुगनिनाला आहे, तिने एका पंजाबी ताईंकडे केलं होतं, फार धीराने शिकवतात म्हणाली. नंबर इथे नको, मेसेज करते. मुलाला क्लासला नेऊ नकोस, तुझं लक्ष मागेच राहील. त्या तासाला बहिणीकडे सोड, तिची पण दोन आहेत, खेळतील. तिला विचारून सांगते संध्याकाळी.