मदत हवी आहे: हार्ट फेल्युअरमध्ये शरीरातील एकूण रक्त मोजण्याची तपासणी ठाणे-नवी मुंबईत कोठे होते?

नमस्कार. माझे सासरे (वय ७१) ऐरोलीत आमच्याकडे राहतात. त्यांना हार्ट फेल्युअर असून इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आपल्यातील किती रक्त बाहेर ढकलते ते प्रमाण) ३० टक्के आहे आणि सुजेसाठी टॉर्सेमाइड ही लघवीची गोळी चालू आहे. अलीकडे हिमोग्लोबिन ९.८ वर उतरले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.८ झाले आणि दोन डॉक्टरांची मते जुळेनाशी झाली. हृदयरोगतज्ज्ञांच्या मते अंगात पाणी अजून साठलेले आहे, म्हणून लघवीची गोळी वाढवायला हवी; मूत्रपिंडतज्ज्ञांच्या मते ती आधीच जास्त होत आहे. वजन स्थिर आहे, पण भूक मंदावून स्नायू झडत असतील आणि त्याच वेळी पाणी वाढत असेल, तर काटा तेवढाच आकडा दाखवणार.

हिमोग्लोबिन हे रक्तातील प्रमाण असते. त्यामुळे तांबड्या पेशी तेवढ्याच राहून प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वाढला तरी ते कमी दिसते, आणि पेशी खरोखर घटल्या तरीही कमीच दिसते. साध्या सीबीसीतून (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतून) हा फरक कळत नाही. शरीरातील लोहाच्या तपासणीत फेरिटिन १६० आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २४ टक्के असल्यामुळे लोहाची कमतरताही म्हणता येत नाही.

हा पेच न्यूक्लिअर मेडिसिन विभागात (जिथे किरणोत्सारी औषधे वापरून तपासण्या होतात) सुटू शकतो, असे वाचनात आले. किरणोत्सारी आयोडीन-१३१ जोडलेले अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) ठरावीक मात्रेत शिरेतून देतात, नंतर थोड्या थोड्या वेळाने रक्ताचे नमुने घेऊन त्यांतील किरणोत्सार मोजतात. तो जितका विरळ, तितका प्लाझ्मा जास्त. अल्ब्युमिन हळूहळू रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत असल्याने एकाच नमुन्यावर भागत नाही; अनेक नमुन्यांवरून इंजेक्शनच्या क्षणाचे मूल्य मागे जाऊन काढावे लागते. त्याला हिमॅटोक्रिटची (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, त्या आकड्याची) जोड दिली की पेशींचे आकारमानही निघते. रुग्णाच्याच तांबड्या पेशींना किरणोत्सारी टेक्निशियम-९९एम जोडून ते थेट मोजण्याचीही पद्धत आहे. (हृदयाच्या पंपिंगची तपासणी करणाऱ्या म्युगा स्कॅनसाठी पेशींना असेच टेक्निशियम जोडतात, त्यामुळे ही सोय बऱ्याच ठिकाणी असावी असा माझा अंदाज आहे.)

सोनोग्राफीत इन्फिरिअर व्हेना कावा (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर) २३ मिलिमीटर आली आणि श्वास घेताना ती निम्म्यानेही आकसली नाही. परंतु त्यावरून उजव्या कर्णिकेतील (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील) दाब वाढल्याचे कळते, रक्ताचे आकारमान नव्हे. पोटातील शिरांमध्ये राखीव असलेले रक्त हृदयाकडे सरकले, तरी एकूण रक्त न वाढता हा दाब वाढू शकतो, आणि तशा वेळी गोळी वाढवल्यास मूत्रपिंडांवरच ताण येईल. आमचा सगळा प्रश्न इथेच अडला आहे.

देशभरातील रुग्णालयांना आयोडीन-१३१ पुरवणारे ब्रिट (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) या सरकारी संस्थेचे वाशी संकुल आमच्या घरापासून फार लांब नाही, पण ही तपासणी करणारे केंद्र मात्र अजून सापडलेले नाही. आम्ही फोन केला त्या दोन्ही ठिकाणी पेट आणि हाडांचा स्कॅन होतो एवढेच सांगितले. ठाणे, नवी मुंबई किंवा परळपर्यंत कोणी ही तपासणी करून घेतली आहे का? चिठ्ठीवर नेमके काय लिहून घ्यावे लागते, म्हणजे प्लाझ्मा व्हॉल्यूम की रेड सेल मास? आयोडीनच्या पद्धतीत थायरॉईडच्या बचावासाठी आधी आयोडीनचे थेंब देतात असे वाचले; सासऱ्यांना अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचे, आयोडीन असलेले औषध) चालू आहे, तेव्हा त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले होते का?

गोळीच्या मात्रेबद्दल सल्ला नको, ते डॉक्टरच ठरवतील. अहवालामुळे उपचार प्रत्यक्ष बदलले असतील, तर कोणत्या दिशेने बदलले हे जरूर लिहावे.