नदी गायडात आसा! – कॉलेजातल्या इंग्रजीचे अनुभव

काल रात्री साडेअकराला फोन वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज, मागे इंजिनाची घरघर. "मॅडम, मी एफवायच्या वर्गातलो, नदीवालो. आता जहाजावर आसंय. हय सगळे इंग्लिश बोलतत, पण तुमच्यासारख्या कोण बोलणा नाय." हे कौतुक की तक्रार ते अजून कळलेलं नाही. पण झोप उडाली, म्हणून हा धागा.

1999 साली मी घाटावरून मालवण तालुक्यात तासिका तत्त्वावर आले. सक्तीचं इंग्रजी, वर्गात सव्वाशे मुलं, पंखे दोन, त्यातला एक शोभेचा. पहिलाच निबंध दिला, 'माय व्हिलेज'. तीसेक वह्या तपासल्यावर लक्षात आलं की सगळ्यांच्या गावाला एकच नदी आहे, तिच्या काठी शंकराचं देऊळ, आणि गावकरी झाडून सगळे 'सिंपल अँड ऑनेस्ट'. यातला एक मुलगा थेट बंदरावरचा. त्याला उभं करून विचारलं, तुमच्याकडे नदी कुठे रे? शांतपणे म्हणाला, "नाय ओ बाई. आमच्या हय खाडी. नदी गायडात आसा."

वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी जाऊन रडले.

पुढच्या आठवड्यात सांगितलं, गाइड घरी ठेवा, सकाळी बंदरावर काय दिसतं ते लिहा, शब्द अडला तर मराठी घाला. याने पाच ओळी लिहिल्या. 'मॉर्निंग फाइव्ह बोट कम. पीपल शाउट. आई नॉट शाउट. आई फिंगर शो.' मला वाटलं, स्पेलिंग चुकलंय, 'आय' म्हणायचंय, स्वतःबद्दल लिहितोय. दुसऱ्यांदा वाचताना कळलं, ही त्याची आई. लिलावात न ओरडता बोटांनी भाव करणारी. लाल पेन हातात तसंच राहिलं. मग केल्या खुणा. पेपर त्याला द्यायचा होता, मला नाही.

तुमचेही अनुभव लिहा. शिकवणाऱ्यांचे, शिकणाऱ्यांचे, नापास झालेल्यांचे, सगळ्यांचे.

रातांबा
आई नॉट शाउट 😭 सकाळी सकाळी रडवलंत

तासिकातत्त्व
मॅडम, तुम्ही 99 ला तासिकेवर होतात, मी आजही आहे. तीन कॉलेजं, दोन तालुके, एक स्कूटर. मे महिन्यात पगार नाही कारण तास नाहीत. असो, तो वेगळा धागा होईल.

विषयावर लिहितो. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आमचे सर म्हणाले होते, बारा वर्षं थांबा, मग काम सोपं होणार. 2012 ला ती बॅच एफवायला आली. वर्गात शिरलो तर सगळे उभे राहून एका सुरात 'गूऽऽड मॉर्निंऽऽग सर'. मी खूश. म्हटलं, हाऊ आर यू? एका सुरात 'फाऽऽईन थँक्यू सर'. मग म्हटलं, काल पाऊस किती झाला तुमच्याकडे, इंग्रजीत सांगा. शांतता. बाहेर पागोळ्या गळतायत त्या ऐकू आल्या.

खाडीपलीकडे
मी शिकणाऱ्यांतला. आमचं कॉलेज फाट्यावर, गावची शेवटची एसटी पावणेपाचला. तोंडी परीक्षा आडनावाप्रमाणे, माझा नंबर सगळ्यात शेवटी. खिडकीतून गाडी वळताना दिसली. मी हात वर करून ओरडलो, "सर, माय एसटी इज गो!"
सर म्हणाले, "इज गो? इज गोइंग की हॅज गॉन?"
मी म्हटलं, "सर, तुम्ही विचारेपर्यंत हॅज गॉन."
सात किलोमीटर चालत गेलो. पण प्रेझेंट परफेक्ट परत चुकलं नाही.

सोलकढी
@खाडीपलीकडे कुठला फाटा? आमचीपण पावणेपाचचीच होती. कंडक्टर काका थांबायचे मुलींसाठी

खाडीपलीकडे
थांबायचे मुलींसाठीच 😂

लाल माती
मी दापोलीला बीएस्सी अ‍ॅग्रीच्या मुलांना घरी इंग्रजी शिकवायचे. त्यांची सगळी पुस्तकं इंग्रजीतच. मुलगा हापूसमधल्या साक्याला, म्हणजे आतून खराब होणाऱ्या गराला, न अडखळता 'स्पाँजी टिश्यू' म्हणतो, तो का होतो तेही धडाधडा सांगतो. त्याच मुलाला ताप आला तर रजेच्या अर्जात 'आय अ‍ॅम फीवर'. हसू नका, त्याच्या बाजूने बघा. आपण 'मला ताप आहे' म्हणतो, 'मी दमलेला आहे' म्हणतो, दोन्हीकडे 'आहे' एकच. इंग्रजीत एकाला हॅव आणि एकाला अ‍ॅम का, हे त्याला शाळेत कुणीच सांगितलं नव्हतं. नुसती काट मारत गेले. मी सांगितलं, जे अंगावर बाहेरून येतं, ताप, खोकला, पाहुणे, त्याला हॅव. नियम पुस्तकात सापडणार नाही, पण त्याला पुरला.

उगाच_एक
पाहुणे अंगावर येतात हे बरोबरच आहे

फणसगरे
माझा प्रश्न उच्चारांचा. 'झू' आणि 'ज्यू' एकच. झीरोचा जिरो. बरेच दिवस 'जीभ इथे ठेवा, तिथे ठेवा' करत होतो, मुलं आरशात बघून हसायची. मग एकदा फळ्यावर लिहिलं, जाळं आणि जीव. म्हटलं, मोठ्याने वाचा. दोन्हीकडे ज, पण आवाज एक आहे का? वर्गात खाडकन उजेड पडला. लिहिताना एकच ज आणि बोलताना दोन, हे जन्मापासून करत होते आणि माहीत नव्हतं. मग जाळ्यातला ज धरायचा, सुरुवातीचा धक्का काढून टाकायचा आणि भुंग्यासारखा लांबवायचा. मच्छीमारांच्या खारवीवाड्यातली मुलं सगळ्यात आधी पोचली. व आणि डब्ल्यूचं मात्र अजून जमलेलं नाही. मलाही.

बोटीवरचा
मी तो नदीवाला नव्हे, पण जहाजावर आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे मॅडम. इथे कॅप्टन युक्रेनचा, कुक फिलिपिनो, मी रत्नागिरीचा. आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, 2001 साली जहाजावरच्या बोलण्याची ठरीव वाक्यं मंजूर केली, ती ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात. मे, माइट, कुड, शुड टाळायचे, कारण समोरच्याला परवानगी कळते की सल्ला, सांगता येत नाही. म्हणजे कॉलेजात वर्षभर जे शिकवलं ते पहिल्या आठवड्यात काढून घेतलं. कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, दीडशे अंश असेल तर 'वन फाइव्ह झीरो' असं एकेक आकडा सुटा सांगायचा. ऐकू आलं नाही तर 'से अगेन', लाजायचं नाही. 'रिपीट' वेगळ्या कामाला, आपलंच महत्त्वाचं वाक्य पुन्हा ठासायला.
कॉलेजात 'से अगेन' म्हणायची सोय असती तर मी एटीकेटीत अडकलो नसतो. तिथे न कळल्याचं सांगितलं की मागचा बाक हसायचा.
वॉचला जातो.

सोलकढी
माझी ताई इंग्रजीतच राहिली. बाकी सगळे विषय सुटले. दोनदा फॉर्म भरला, तिसऱ्यांदा फॉर्मच्या तारखेला लग्नाची बोलणी होती. आता तिच्या होमस्टेला परदेशी पाहुणे येतात तेव्हा तीच बोलते, कसंही, हातवारे करून. मुलगा मागून चुका काढतो. तिने परवा त्याला सांगितलं, "ते जेवले ना? मग झालं."

रातांबा
ताईला नमस्कार सांग 🙏 होमस्टे कुठे आहे? डिसेंबरात यायचंय, सहा जण, एक लहान

सोलकढी
विपू करते (वेगळा निरोप)

तासिकातत्त्व
एक विसरलो. 'वी वन द मॅच' फळ्यावर लिहिलं तर एक मुलगी उठली. "सर, वी म्हणजे आम्ही की आपण?" म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "असं कसं? तुम्ही तर मॅचला आलाच नव्हता." सोळा वर्षांत मला विचारलेला सगळ्यात चांगला व्याकरणाचा प्रश्न. उत्तर आलं नाही, चहाला गेलो.

फणसगरे
😂😂 नेऊन ठेवलं की सरांना

धागाकर्ती
सगळं वाचतेय, मध्ये कुकर लावला म्हणून उशीर. @बोटीवरचा, तुमचं 'से अगेन' वाचून आठवलं, माझ्या वर्गात मुलं न कळताही मान डोलवायची आणि मी पुढे जायचे. सिलॅबस संपवायचा असायचा. गणपतीच्या आधी आठवडाभर वर्ग अर्धा रिकामा, नंतर भातकापणी, मधे अंतर्गत परीक्षा.

नदीवाल्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तीनदा इंग्रजीत टाइप केलं आणि पुसलं. शेवटी विचारलं, आई कशी आहे रे. दोन निळ्या खुणा झाल्यात, बहुतेक रेंज गेली.

खाडीपलीकडे
तो उत्तर देईल तेव्हा इथे लिहा नक्की

उगाच_एक
विषयांतराबद्दल माफी, पण इथे दापोलीकडचं कुणी आहे म्हणून विचारतो. पाच डझनाची पेटी मागवली होती, निम्म्या आंब्यांत साका. बागवाला फोन उचलत नाही.

लाल माती
इंग्रजीत मेसेज टाका. स्पाँजी टिश्यू म्हणा, घाबरून उचलेल.