थोरली पाती सांताक्रूझला, धाकटी पनवेलला?

घोडबंदरकर

8 ऑक्टोबर 2025 ला आपल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव देण्याचा विषय इथे काढू नका, त्यावर भांडून झालंय. माझा मुद्दा वेगळा आहे.

टाटांनी नवी मुंबईत सुरुवातीला पाठवली ती एअर इंडिया एक्सप्रेस, म्हणजे एअर इंडियाची स्वस्तातली धाकटी कंपनी. दिवसाला 20 उड्डाणं, 15 शहरं अशी घोषणा होती. थोरली एअर इंडिया सांताक्रूझलाच. म्हणजे ठाणे, नवी मुंबई, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या लोकांना जेवणासकट तिकीट परवडतच नाही, असं यांनी परस्पर ठरवलं का?

मला स्वस्त विमानकंपनीचं वावडं नाही. वावडं आहे ते मोठ्या कंपनीने पोसलेल्या स्वस्त कंपनीचं. नाव थोरल्या घराचं आणि आदरातिथ्य धर्मशाळेचं. जेट एअरवेजने 2007 मध्ये एअर सहारा घेऊन जेटलाइट केली, पुढे जेट कनेक्टही काढली. किंगफिशरच्या मल्ल्यांनी गोपीनाथांची एअर डेक्कन घेतली, तिची किंगफिशर रेड झाली. प्रवाशाला कळेनासं झालं की आपण नक्की कशात बसतोय. 2012 मध्ये किंगफिशर बंद, 2019 मध्ये जेट.

आता आपबीती. गेल्या महिन्यात मी आणि ही मुलीकडे निघालो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, या धाग्यावर आलेल्यांपैकीच असेल असंही नाही. गेटवर हिची पिशवी काट्यावर ठेवली, 8 किलो 400. मर्यादा 7. आत चकलीचा डबा, गोडा मसाला आणि नातवाचं स्वेटर. जादा वजनाचे पैसे ऐकून हिने तिथेच शाल पांघरली, त्यावर माझं जाकीट चढवलं आणि मसाल्याची पाकिटं माझ्या खिशात कोंबली. पुन्हा मोजलं तर 6 किलो 900. विमानात वजन गेलं तेवढंच, फक्त पिशवीतून अंगावर आलं! मग हा काटा कशासाठी?

उलवेकर

काका, चकलीचं वाचून हसलो, पण बाकी मुळीच पटलं नाही.

एक्सप्रेस निघाली ती तुमच्या-आमच्या सुट्टीसाठी नव्हे. 29 एप्रिल 2005 ला तिचं पहिलं विमान तिरुवनंतपुरमहून अबुधाबीला गेलं. आखातात राबणाऱ्या माणसाला परवडेल असं तिकीट, हा तिचा जन्माचा हेतू. केरळचं नाव होतं, पण आमच्या म्हसळा-श्रीवर्धनकडे घरटी एक माणूस तिकडे. माझे वडील एकोणीस वर्षं होते. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे, कारण तिकीट. त्यांना कोणी विचारलं असतं की गरम जेवण हवं की वर्षाआड एक फेरी जास्त, तर काय म्हणाले असते? खजूर खाऊन आले असते हो.

आणि "धाकटी पाती पाठवली" यात अपमान कसला? पहाटेचं विमान असलं की आम्ही रात्री दीडला उलव्यातून निघायचो, सांताक्रूझला. आता गॅलरीतून धावपट्टीचे दिवे दिसतात.

शुभा_नौपाडा

तुम्ही दोघं पैशांवर बोलताय, मला सुरक्षिततेचं सांगा. मंगळूर, 22 मे 2010, 158 माणसं गेली. कोळीकोड, 7 ऑगस्ट 2020, दोन्ही वैमानिकांसह 21. दोन्ही विमानं एक्सप्रेसचीच होती. स्वस्तात सांभाळायचं म्हटलं की कुठेतरी कात्री लागतेच ना?

रॅम्पवरचा

शुभाताई, प्रश्न रास्त आहे, पण निष्कर्ष घाईचा. दोन्ही धावपट्ट्या डोंगरमाथ्यावरच्या, टोकाला दरी. दोन्ही वेळा विमान धावपट्टीवर बरंच पुढे जाऊन टेकलं आणि पलीकडे घसरलं. चौकशी अहवालांत बोट आहे ते चुकत चाललेलं लँडिंग सोडून पुन्हा वर न जाण्यावर. हे महागड्या कंपनीतही होऊ शकतं. तिकीट स्वस्त म्हणून तपासणीचे नियम स्वस्त होत नाहीत. शिवाय दोन्ही अपघात सरकारी मालकीच्या काळातले. टाटांकडे कंपनी आली 27 जानेवारी 2022 ला. आणि आपल्याकडे नव्या विमानतळाची धावपट्टी 3,700 मीटरची आहे. तिच्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, गावं उठवली.

आता काकांच्या काट्याचं. मी विमानाखाली काम करतो, कुठल्या कंपनीसाठी ते राहू दे. स्वस्त विमानाचा सगळा खेळ जमिनीवरच्या अर्ध्या तासात असतो. विमान उभं राहिलं, चाकांना ठोकळे लागले की घड्याळ सुरू. पुढून माणसं उतरतायत, पोटातून बॅगा निघतायत, इंधनाची गाडी पंखाखाली, आत हवाईसुंदऱ्या स्वतःच सीटच्या खिशातले कागद गोळा करतायत. तेवढ्यात पुढचे 180 लोक आत यायला हवेत. प्रत्येकाने दोन पिशव्या आणल्या तर वरचे कप्पे भरतात, मग शेवटच्या तीसजणांच्या बॅगा दारातून परत खाली आणायच्या. गेली पंधरा मिनिटं. तो काटा वजनापेक्षा त्या कप्प्यांसाठी असतो. (पैशांसाठीही असतो, खोटं कशाला बोलू.)

तेच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी घालवलेली चाळीस मिनिटं संध्याकाळी दोन तास होऊन भेटतात. म्हणून माझं ऐकाल तर नेहमी पहिली फेरी घ्या.

मामलेदार_मिसळ

रॅम्पभाऊ, पुस्तकी गणित उत्तम. पण स्वस्त कंपनीचा पहिला नियम काय? एकाच जातीचं विमान. एक्सप्रेसकडे बोइंग 737 होती. 1 ऑक्टोबर 2024 ला तिच्यात जुनी एअरएशिया इंडिया विलीन झाली, ती एअरबस 320 घेऊन आली. 737 चा वैमानिक उठून 320 उडवू शकत नाही, सुटे भाग वेगळे, इंजिनिअरचे परवाने वेगळे. वर काही नवी 737 मॅक्स दुसऱ्यांसाठी बनलेली मिळाली, त्यात पुढे रुंद खुर्च्या होत्याच, म्हणून यांनी "बिझ" नावाने त्याही विकायला काढल्या. स्वस्त कंपनीत बिझनेस क्लास! उपासाच्या ताटात सुकं मटण.

म्हणून माझं मत घोडबंदरकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. थोरलं घर धाकट्याला स्वतःच्या हिशेबाने जगू देत नाही. अमेरिकेत डेल्टाने साँग ही स्वस्त कंपनी काढली, 2003 ते 2006. युनायटेडची टेड, 2004 ते 2009. ब्रिटिश एअरवेजने गो काढली, विकली आणि 2002 मध्ये ती ईझीजेटच्या पोटात गेली.

उलवेकर

आणि क्वांटासची जेटस्टार? 2004 पासून ऑस्ट्रेलियात उडतेय. सिंगापूर एअरलाइन्सची स्कूट?

मामलेदार_मिसळ

जेटस्टारचीच सिंगापुरातली शाखा, जेटस्टार एशिया, जुलै 2025 अखेर बंद झाली. पण स्कूट मान्य. तिथे थोरलीने धाकटीला विमानं दिली, मार्ग दिले आणि लुडबूड कमी केली. आपल्याकडे मे 2024 मध्ये काय झालं आठवा. विलीनीकरणातल्या वागणुकीवर नाराज असलेला एक्सप्रेसचा केबिन क्रू एकदम आजारी पडला, उड्डाणं पटापट रद्द, पंचवीसेक जणांना काढलं आणि कामगार आयुक्तांसमोर बसल्यावर परत घेतलं. टाटांच्या चार विमानकंपन्यांच्या दोन करताना माणसांचे पगार, हुद्दे, सुट्ट्या जुळवणं हेच खरं अवघड काम.

घोडबंदरकर

मामलेदार, हेच मला म्हणायचं होतं, शब्द तुमचे चांगले.

एक मात्र सांगा. रायगडात विमानाच्या इंधनावरचा कर कमी आहे म्हणे. मग ती बचत तिकिटात का उतरत नाही?

रॅम्पवरचा

अर्धवट माहिती, काका. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात तो 25 वरून 18 टक्के केला, पण बृहन्मुंबई, पुणे आणि रायगड तिन्हीकडे. त्यामुळे सांताक्रूझपेक्षा इथे इंधन त्या कारणाने स्वस्त नाही.

शुभा_नौपाडा

मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण धावपट्टीचा आकडा लक्षात ठेवते. आमच्या ह्यांना मात्र विमानापेक्षा पाम बीच रोडवरच्या रिक्षावाल्याची भीती जास्त.

घोडबंदरकर

मत बदललेलं नाही. गटाला दोन कंपन्या ठेवायच्या असतील तर दोन्ही दोन्ही विमानतळांवर आणा, निवड आम्ही करू. उलवेकर, तुमच्या वडिलांचा मुद्दा मात्र मनाला लागला.

आणि आता हसू नका. बंगळुरूचं तिकीट काढलं, इथूनच, पहिल्या फेरीचं, 15 किलोच्या बॅगेसकट. कॅडबरी नाक्यावरून पहाटे साडेतीनला तिकडे कोणी जाणारं आहे का? अर्धे पैसे मी देईन.

उलवेकर

साडेतीन कशाला, आदल्या रात्री काकूंना घेऊन आमच्याकडेच मुक्कामाला या. सकाळी मी सोडतो. आईचा भाजी मोजायचा काटा आहे, पिशवी रात्रीच मोजून ठेवू. चकल्या जास्त निघाल्या तर इथेच राहतील.