मदत हवी आहे: कर्नल कंपाइल होतो, पण बूट होत नाही

शून्यातून: स्वतःचा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. कंपाइल, लिंक सगळं बिनतक्रार होतं, बूट करायची आयएसओ फाइलही तयार होते. ग्रबचा (कर्नल चढवणाऱ्या बूटलोडरचा) मेनू येतो, एंटर दाबलं की "नो मल्टिबूट हेडर फाउंड", म्हणजे ग्रबला कर्नल ओळखायची खूण सापडत नाही. अहो, हेडर आहे! परवापर्यंत हेच चालत होतं. प्लीज लवकर सांगा.

कळफलक: कंपायलर कोणता? सिस्टिमचाच जीसीसी की क्रॉस कंपायलर (दुसऱ्या सिस्टिमसाठी कोड बनवणारा)? लिंकर स्क्रिप्ट (फाइलीत कोणता भाग कुठं ते सांगणारी) कुठंय? परवापासून काय बदललं? असं अर्धवट विचारलंत तर काय सांगणार?

रात्रपाळी: ग्रब सोडा. ५१२ बाइटांचा बूट सेक्टर स्वतः लिहा, शेवटच्या दोन बाइटांत सही टाका, बायोस उचलतो. मी असाच शिकलो. ग्रबच्या भरवशावर राहिलात तर प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये कसा नेतात ते कधीच कळणार नाही.

कळफलक: त्यांना कर्नल लिहायचाय, बूटलोडर नाही. ए२० लाइन उघडणं, जीडीटी (मेमरीच्या भागांचा तक्ता) लावणं, डिस्क वाचणं, हे ५१२ बाइटांत कोंबता कोंबता कर्नल राहील बाजूलाच.

रात्रपाळी: राहू दे की. पाया तोच आहे.

गंजरोधक: आजकाल सी कशाला? रस्टमध्ये लिहा, मेमरीचे निम्मे घोळ कमी होतील.

शून्यातून: क्रॉस कंपायलरच आहे. बदल काही नाही, फक्त अक्षरं काढायला फॉन्टचा तक्ता घातला. त्याचा बूटशी काय संबंध? क्यूएमू या एम्युलेटरला कर्नल थेट देऊन पाहू का?

तळघर: संबंध तिथंच आहे. मल्टिबूट १ चं हेडर फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटांत लागतं. ग्रब त्यापुढे बघतच नाही, क्यूएमूही नाही. फॉन्टमुळे रीड-ओन्ली डेटा फुगला आणि हेडर मागे सरकलं असणार. ऑब्जडंप या टूलने फाइलचे सेक्शन (भाग) काढा आणि हेडरच्या सेक्शनसमोर 'फाइल ऑफ'खाली काय आहे ते इथं टाका.

शून्यातून: ००००५०००

तळघर: हेक्समध्ये आहे, म्हणजे २०४८०. फार लांब. लिंकर स्क्रिप्टमध्ये टेक्स्टच्या, म्हणजे कोडच्या सेक्शनच्या, आधी तो सेक्शन घेतलाय का? नाव टिंबासकट तेच हवं, नाहीतर लिंकर तो स्वतःच्या मनाने कुठंही ठेवतो. नको ते सेक्शन गाळायचा फ्लॅग दिला असेल तर 'कीप'मध्ये घाला. हेडरला कोडमधून कुणी बोलावत नाही, त्यामुळे लिंकर ते सरळ उडवतो. आणि मेकफाइलमध्ये ग्रब-फाइलची तपासणी टाका, आयएसओ बनवायच्या आधीच कळेल.

शून्यातून: झालं बूट!! असेंब्लीत 'मल्टिबूट' होतं, स्क्रिप्टमध्ये 'मल्टिबूट_हेडर'. तळघर, मनापासून आभार. आता एसटीआय (इंटरप्ट चालू करायची सूचना) दिलं की मशीन रीस्टार्ट होतंय, ते का?

रात्रपाळी: बूट सेक्टरपासून सुरुवात केली असती तर हे आधीच कळलं असतं.

कळफलक: आयडीटी (कोणत्या इंटरप्टला कुठं जायचं त्याचा तक्ता) लोड केलीत का? पीआयसी (इंटरप्ट प्रोसेसरला पोचवणारी चिप) रीमॅप केलात? नाहीतर पहिल्याच टायमर इंटरप्टला ट्रिपल फॉल्ट येतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. नवा धागा काढा, आणि या वेळी कोड टाका.